नवी म्हणून विकलेली हार्ड डिस्क 24,816 तास वापरलेली निघाली

गेमिंग संगणकातली 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान चिप-डिस्क) भरत आली, तेव्हा खेळ तिच्यावरच ठेवून रेकॉर्डिंगसाठी 8 टीबीची वेगळी हार्ड डिस्क घ्यायचे मी ठरवले. तो निर्णय आजही मला बरोबरच वाटतो. इतरत्र 17,900 रुपये भाव असताना मुंबईतल्या एका दुकानात तीच डिस्क ‘सीलबंद, नवी’ म्हणून 12,400 रुपयांना मिळाली. एवढा फरक कशामुळे, हे मी विचारले होते. ‘थेट कंपनीचा माल आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवला, याची मला लाज वाटते.

घरी पिशवी फोडली तेव्हा साटा कनेक्टरच्या, म्हणजे डिस्क संगणकाला जोडायच्या टोकाच्या, सोनेरी पट्ट्यांवर बारीक उभे ओरखडे होते आणि स्क्रूच्या एका भोकाच्या कडेचा रंग उडालेला होता. तिथेच मी थांबायला हवे होते. डिस्क दिव्याखाली धरून मी ते ओरखडे नीट पाहिले, आणि तरीही ‘कारखान्यातल्या तपासणीत पडले असतील’ अशी स्वतःची समजूत घालून ती बसवली. डिस्क तपासणारे क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअर वापराचे तास शून्य दाखवत होते; स्मार्टची (डिस्क स्वतःच्या वापराची आणि तब्येतीची ठेवते त्या माहितीची) ही नोंद पुसता येते, हे सामान्य ग्राहकाला कसे कळावे?

एक्केचाळिसाव्या दिवशी डिस्क टकटक वाजू लागली. काही डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते. ती स्मार्टसीटीएल या सॉफ्टवेअरने काढली, तर 24,816 तास, म्हणजे अखंड 1,034 दिवस! जर्मनीत 2025 च्या सुरुवातीला अशाच डिस्क उघडकीस आल्या होत्या. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, तर ओईएम (संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना पुरवलेला) माल असल्याने ग्राहकाला वॉरंटीच नव्हती. हे दोन मिनिटांचे काम पैसे देण्याआधी, दुकानात उभे राहूनच करा.

पोलीस चौकीत गेलो, तर ‘व्यवहार मुंबईत झाला, तिकडे जा’ असे सांगितले. मुंबईत ‘हा ग्राहकाचा वाद आहे’ म्हणाले. सायबर विभागाने, खरेदी समोरासमोर झाल्यामुळे हा सायबर गुन्हाच नाही, असे ऐकवले. हेल्पलाइनने तर ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’ एवढे कळवून तक्रार बंद केली. ज्याने फसवले त्याच्याकडेच न्याय मागायचा असेल, तर ही कार्यालये कोणासाठी आहेत? दोन रजा आणि प्रवासाचे 1,140 रुपये गेले, ते वेगळेच.

अखेर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही आणि मुदत 2 वर्षांची असते. बिलावर अनुक्रमांक आणि ‘नवी’ हा शब्द लिहून घ्याच. माझ्या बिलावर फक्त ‘एचडीडी 8 टीबी’ एवढेच आहे, आणि ही डिस्क आपल्याकडची नाहीच, असे दुकानदार आता सांगतो आहे.