पिग्मी खाते: अडीनडीचा पैसा जमवण्यासाठी उत्तम, सांभाळण्यासाठी अपुरे

बेळगावच्या बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्या कोणालाही पिग्मी खाते समजावून सांगावे लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी एजंट दारात येतो, गल्ल्यातले पन्नास, शंभर किंवा दोनशे रुपये त्याच्या हाती दिले जातात, पावती मिळते आणि मुदत संपली की सगळी रक्कम व्याजासह परत मिळते. बेळगावच्याच शहापूर भागात आमचे शिवणकामाच्या साहित्याचे दुकान आहे आणि येथील एका सहकारी सोसायटीत आम्ही बरीच वर्षे पिग्मी भरत आलो आहोत. अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी पैसा बाजूला काढण्याचे साधन म्हणून हे खाते कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने मी त्याची पारख करणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: पैसा जमवण्यासाठी पिग्मीइतकी चांगली सोय लहान दुकानदाराला दुसरी मिळणार नाही, पण जमलेला पैसा वर्षानुवर्षे तिथेच ठेवणे मला सुरक्षित वाटत नाही.

ही पद्धत मूळची कर्नाटकातलीच आहे. 1925 मध्ये उडुपी येथे स्थापन झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने 1928 मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. हातमाग धंदा अडचणीत आल्यामुळे हवालदिल झालेल्या विणकरांना आर्थिक आधार देणे हा त्या संस्थेच्या स्थापनेमागचा एक मुख्य हेतू होता, आणि बँकेची पायरी चढायला बिचकणाऱ्या माणसाकडून दिवसाला दोन आणे घ्यायला बँकेचा माणूसच त्याच्या दारात जात असे. ती बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. तिने घालून दिलेली पद्धत मात्र आमच्याकडच्या सोसायट्यांनी आणि सौहार्द संस्थांनी (कर्नाटकातील वेगळ्या सहकार कायद्याखाली चालणाऱ्या सहकारी संस्थांनी) उचलली, आणि शहापूर-वडगावसारख्या विणकरांच्या वस्तीत ती रुजली यात मला काहीच नवल वाटत नाही.

पगारदार माणसाला महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम बाजूला टाकता येते. दुकानदाराचे, रिक्षावाल्याचे किंवा भाजी विकणाऱ्या बाईचे तसे नसते. आमच्या दुकानात लग्नसराईत आणि गणपती-दिवाळीच्या तोंडावर उसंत नसते, तर जून ते ऑगस्टमध्ये बेळगावचा पाऊस लागला की काही दिवस गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकतही नाही. अशा मिळकतीतून महिनाअखेरीस शिल्लक काढायची म्हटले तर ती कधीच उरत नाही. पिग्मीत पैसा उरण्याची वाट पाहावीच लागत नाही, कारण तो त्या दिवसाच्या विक्रीतूनच बाजूला निघतो. दिवसाला शंभर रुपये भरले आणि रविवार, सणवार वगळून वर्षाला तीनशे दिवस धरले, तर 30 हजार रुपये उभे राहतात, आणि ते दिल्याचे ओझे कोणत्याही एका दिवशी जाणवत नाही.

या सेवेचा खरा कणा म्हणजे एजंट. आमच्याकडे येणारे गृहस्थ आमच्याशी मराठीत आणि शेजारच्या किराणा दुकानदाराशी कन्नडमध्ये बोलतात, विक्री झाली नसेल तर चेहऱ्यावरून ओळखतात आणि तरीही सहज सोडत नाहीत. "वहिनी, आज वीस तरी द्या, खातं चालू राहू दे," एवढेच ते म्हणतात, आणि वीस रुपये निघतात. मोबाईलवरच्या कोणत्याही ॲपला हे साधलेले मी पाहिलेले नाही. एजंटला याबद्दल पगार नव्हे तर गोळा केलेल्या रकमेवर कमिशन मिळते, आणि ऊन असो की पाऊस, त्याला गल्ली न् गल्ली पालथी घालावी लागते, याची जाणीव खातेदारांनी ठेवायला हवी. पिग्मी एजंट हे कामगार आहेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सिंडिकेट बँकेच्याच एका प्रकरणात दिला होता. प्रत्यक्षात लहान सोसायट्यांच्या एजंटांचे दिवस त्यामुळे फार पालटलेले दिसत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

पावतीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. पूर्वी एजंट जाड कागदाच्या कार्डावर तारखेच्या चौकोनात रक्कम लिहून सही करत असे. आता कमरेला लावलेल्या छोट्या यंत्रातून दोन बोटे रुंदीची पावती निघते, तिच्यावर खाते क्रमांक, आजचा भरणा आणि आजवरची एकूण जमा छापलेली असते. मात्र हा कागद उष्णतेने छपाई होणारा असल्यामुळे त्याच्यावरची अक्षरे टिकत नाहीत. गल्ल्यात ठेवलेल्या पाडव्याच्या सुमाराच्या पावत्या दसऱ्यापर्यंत जवळजवळ कोऱ्या होतात. पैसा एजंटच्या हाती जातो तो क्षण आणि तो सोसायटीत जमा होतो तो क्षण यांत मधली एक रात्र तरी जाते, आणि त्या रात्रीचा आपल्या हातातला पुरावा एवढाच असतो. म्हणून दर महिन्याला सोसायटीच्या काउंटरवर जाऊन पासबुक भरून घेणे आणि पावतीवरची एकूण रक्कम त्याच्याशी ताडून पाहणे आवश्यक आहे. आमच्या सोसायटीत ते काम विनातक्रार होते, अर्ज मराठीत मिळतात, आणि कर्मचारी वयस्कर माणसाला नीट समजावून सांगतात. सरकारी कचेऱ्यांत आणि मोठ्या बँकांत कन्नड किंवा इंग्रजी कागद पुढे आल्यावर गोंधळणाऱ्या आमच्या भागातील मराठी माणसाला सोसायटी आपली वाटते, याचे हे मोठे कारण आहे.

आता या सेवेची कमकुवत बाजू. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि दवाखान्यात दाखल करतानाच अनामत रक्कम भरायची होती. पिग्मी खात्यावर सहा महिन्यांचा भरणा होता, म्हणजे अडीनडीसाठी ठेवलेला पैसा अडीनडीच्या वेळी हाताशी असायला हवा होता. परंतु मुदतीपूर्वी खाते बंद करायचे तर व्याज नाही आणि वर एजंटच्या कमिशनपोटी पाच टक्के कपात, असा त्या सोसायटीचा नियम निघाला. पंधरा हजारांवर साडेसातशे रुपयांचा हा फटकाही आम्ही सोसला असता, पण अर्ज, एजंटकडील शेवटचा हिशेब आणि व्यवस्थापकांची सही या सगळ्यांत मध्ये सुट्टी आल्यामुळे पैसा हाती पडायला चार दिवस गेले. त्या रात्री माझ्या नणंदेच्या यजमानांनी पैसे आणून दिले म्हणून निभावले. ठेवीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते असे नंतर सांगण्यात आले, परंतु स्वतःच्याच पैशावर व्याज भरून कर्ज काढणे हा मला उपाय वाटत नाही.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे आणि तिच्याविषयी बाजारात फारच कमी बोलले जाते. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. हे संरक्षण व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांना आहे, पतसंस्था, सोसायट्या आणि सौहार्द संस्थांना नाही. पाटीवर 'सहकारी' हा शब्द असल्यामुळे दोन्हींत लोकांची गल्लत होते. आपल्या जिल्ह्यात काही संस्थांचे व्यवहार कोलमडल्यावर ठेवीदारांना हक्काच्या पैशासाठी रस्त्यावर उतरावे लागल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि त्यांत सर्वांत हतबल असतात ती दिवसाला पन्नास रुपये भरणारीच माणसे. सगळ्याच सोसायट्या तशा असतात असे मी मुळीच म्हणत नाही. अनेक संस्था पिढ्यान् पिढ्या चोख चालल्या आहेत. तरीही घराचा अखेरचा आधार असलेला पैसा केवळ संचालकांच्या चांगुलपणावर अवलंबून ठेवावा, हे मला पटत नाही.

त्यामुळे आम्ही पिग्मी बंद केली नाही, तिचे काम तेवढे ठरवून दिले. मुदत संपताच मिळालेली रक्कम त्याच आठवड्यात सोसायटीतून बाहेर काढायची, तिथेच मुदत ठेवीत वळवायची नाही, असा घरचा नियम आहे. सोसायटी एक-दीड टक्का जास्त व्याज देऊ करते आणि मोह होतो, हे खरे आहे. त्या रकमेतला एक भाग राष्ट्रीयीकृत बँकेच्या बचत खात्यात राहतो, ज्याचे एटीएम कार्ड रात्रीबेरात्री चालते, आणि उरलेल्या रकमेची त्याच बँकेत मुदत ठेव होते. ती करताना साठ हजारांची एकच पावती करण्याऐवजी पंधरा-पंधरा हजारांच्या चार पावत्या केल्या, म्हणजे गरज पडल्यास एकच मोडावी लागते आणि बाकीच्यांचे व्याज बुडत नाही.

पोस्टाची आवर्ती ठेव पुष्कळजण सुचवतात. दरमहा 100 रुपयांपासून ती सुरू करता येते, ऑक्टोबर 2023 मध्ये तिचा दर 6.7 टक्के झाला, आणि या दराने दरमहा हजार रुपये भरल्यास पाच वर्षांनी 60 हजारांचे सुमारे 71 हजार होतात. केंद्र सरकारची हमी असल्यामुळे बुडण्याची भीती नाही. पण खाते तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, आणि एक वर्ष नियमित भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. मुलीच्या कॉलेजच्या शुल्कासारख्या माहीत असलेल्या खर्चासाठी ती फार चांगली आहे, रात्री दोन वाजता दवाखान्यात लागणाऱ्या पैशासाठी नाही. भिशीबद्दल तर फार बोलायलाच नको, कारण आपली पाळी आणि आपली अडचण एकाच महिन्यात येण्याचा योग क्वचितच जुळतो.

किती पैसा असा राखून ठेवावा, याचे नेहमी सांगितले जाणारे माप तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाचे आहे. आमच्यासारख्या हंगामी मिळकतीच्या घराला सहा महिन्यांचे माप बरे. त्यातही औषधपाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालील कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण एपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेवरील कार्ड असेल तर पॅकेजच्या 30 टक्केच रक्कम मिळते आणि तीही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, म्हणजे उरलेल्या 70 टक्क्यांची तरतूद घरातूनच करावी लागते. आमच्या गल्लीतल्या काहीजणींनी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून ऑगस्ट 2023 पासून घरातील कर्त्या स्त्रीला दरमहा मिळू लागलेल्या 2,000 रुपयांतला काही भाग पिग्मीत टाकायला सुरुवात केली आहे, आणि नवऱ्याच्या हाताला न लागणारा असा पैसा त्यांच्या नावावर साठतो आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

पाचपैकी गुण द्यायचे तर जमवण्याच्या कामासाठी मी पिग्मीला पाच देईन आणि वेळेवर पैसा हाती पडण्यासाठी दोन. सोसायटीने आजारपणाच्या कारणासाठी दवाखान्याचा कागद पाहून कपातीशिवाय त्याच दिवशी निम्मी रक्कम द्यायची सोय केली, तर ही सेवा आजच्यापेक्षा कितीतरी उपयोगी होईल, आणि वार्षिक सभेत सभासदांनी तशी मागणी लेखी करावी असे मला वाटते. नवीन खाते उघडणाऱ्यांनी मुदतपूर्व कपातीचा दर आधी विचारून घ्यावा, आणि अर्जातील वारसाचा रकाना स्वतःच्या हाताने भरावा, कारण दुकानातच घाईघाईने भरलेल्या अर्जांत तो हमखास रिकामा राहतो आणि पुढे घरच्यांना त्याच पैशासाठी कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात.