विक्स की स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस?

विक्स या वेबसाइट बनवून देणाऱ्या ऑनलाइन सेवेवर छोट्या दुकानाची साइट एका संध्याकाळी उभी राहते. होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), एसएसएल (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी सोय), अपडेट यांची चिंता नाही. चार पानांपुरतं काम असेल तर हेच घ्या. मेख पुढे आहे: नेहमीच्या एडिटरमध्ये साइट बनली की टेम्पलेट (पानांचा तयार आराखडा) बदलता येत नाही, नव्यावर सगळं पुन्हा मांडावं लागतं. अख्खी साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवरही नेता येत नाही. मोफत योजनेत स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) जोडता येत नाही.

वर्डप्रेस हे साइट बनवण्याचं सॉफ्टवेअर, ते स्वतः घेतलेल्या होस्टिंगवर बसवायचं. त्यात थीम (साइटचं रूप) केव्हाही बदला. ‘टूल्स’मधल्या ‘एक्सपोर्ट’ने लेख आणि पानं एक्सएमएल फाइलमध्ये मिळतात, फोटो मात्र त्या फाइलमध्ये नसतात, म्हणून ‘अपलोड्स’ फोल्डरची वेगळी प्रत ठेवाच. प्लगइनचे (जास्तीच्या सोयी देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचे) अपडेट रखडले की जुन्या त्रुटींतून साइट हॅक होऊ शकते. अपडेटआधी बॅकअप घ्यायचं काम तुमचंच.