सांगलीची मंजिष्ठा: मुळं घ्या, पूड आणि चिठ्ठी दुकानातच ठेवा

सांगलीच्या गणपती पेठेच्या बाजूला काष्ठौषधींचं एक दुकान आहे. तिथे हल्ली रंगकामाचा माल वेगळा मांडलेला असतो: लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेच्या वेलाची मुळं आणि पूड, हिरडा, डाळिंबाची साल, करडईच्या पाकळ्या, तुरटी, हिराकस (लोखंडाचा क्षार). मंजिष्ठेबरोबर कृतीची छापील चिठ्ठीही मिळते. माल बहुतेक चांगला आहे. त्या चिठ्ठीप्रमाणे कापड रंगवलं, तर मात्र दोष मालाचा वाटेल.

आधी मुळांबद्दल. बाजारात मंजिष्ठा म्हणून वेलाच्या काड्याही सर्रास खपतात. काडी चौकोनी, कडांना खरखरीत असते आणि तिच्यात रंग कमी. मूळ गोल, सुरकुतलेलं असतं आणि मोडलं की आत तांबूस दिसतं. या दुकानातल्या पोत्यात मुळंच जास्त होती, काड्या थोड्या. शिवाय दुकानदार निवडून घेऊ देतो. पूड मात्र मुख्यतः तोंडाला लावायच्या लेपासाठी दळलेली असते. तिच्यात काय दळलंय ते डोळ्यांना कळत नाही आणि किलोमागे ती महागही पडते.

घ्यायचीच असेल तर पुडीची परीक्षा सोपी आहे. चिमूटभर पूड गार पाण्यात टाका. पाणी हळूहळू पिवळट-तांबूस व्हायला हवं. लगेच भडक लाल झालं, तर कृत्रिम रंगाचा संशय घ्या. त्याच पाण्यात धुण्याच्या सोड्याचे थेंब घातले की रंग किरमिजी-जांभळ्याकडे जातो, लिंबू पिळलं की पिवळट होतो. काहीच न बदलता तळाशी लाल गाळ बसला, तर गेरू मिसळलेला असणार.

आता चिठ्ठी. 100 ग्रॅम सुती कापडाला 10 ग्रॅम पूड, मूठभर मीठ, अर्धा तास खळखळ उकळा, असं तिच्यात लिहिलंय. यातलं काहीच बरोबर नाही. मंजिष्ठेची रंगद्रव्यं नुसत्या सुताला धरत नाहीत. मध्ये ॲल्युमिनियम लागतं, आणि ते तुरटीतून येतं. मिठाने इथे काही साधत नाही. 10 ग्रॅममध्ये फिकट गुलाबी रंग येईल, तोही दोन-चार धुण्यांत उतरेल.

100 ग्रॅम कोरड्या सुती कापडाचं चालणारं प्रमाण असं. कोरं कापड आधी लिटरमागे 2-3 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा आणि स्वच्छ धुवा. खळ राहिली तर पुढे डाग पडतात, आणि सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. मग 20 ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळा, त्या पाण्यात कापड काही तास ठेवा, पिळून न धुता वाळवा. या टप्प्यावर लोखंडी बादली किंवा गंजकी तार नको, कारण हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाला भेटलं की काळं पडतं. नंतर 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. 2 ग्रॅम सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून तिच्यात हळूहळू ओता, फेस येतो म्हणून भांडं मोठं घ्या. किंचित दुधट झालं तर चालतं. सोडा जास्त झाला तर ॲल्युमिनियम कापडावर न बसता भांड्याच्या तळाशी बसतं. कापड रात्रभर बुडवून ठेवा, वाळवा, रंगात घालण्याआधी हलकं खळबळून घ्या.

मुळं 80 ते 100 ग्रॅम लागतात. गार पाण्याने एकदा धुऊन पहिलं पिवळट पाणी टाकून द्या, रात्रभर भिजवा, मिक्सरमधून जाडसर काढा. ओलं कापड त्यात घालून आच मंद ठेवा. पाणी 60-70 अंशांवर तासभर राहू द्या, उकळी येऊ देऊ नका. तापमान चढलं की तपकिरी अंश जास्त उतरतो आणि लाल मळकट दिसतो. भांड्यातच गार होऊ द्या. बोअरचं जड पाणी असेल तर उत्तमच, कारण कॅल्शियम या रंगाला मदत करतं. आरओचं पाणी असेल तर खायच्या चुन्याऐवजी चिमूटभर खडूची पूड घाला; चुना फार तीव्र पडतो. उरलेल्या पाण्यात दुसरं कापड नारिंगी-गुलाबी निघतं.

युरोपातल्या मॅडरची, म्हणजे मंजिष्ठेच्याच जातकुळीतल्या वनस्पतीची, चित्रं पाहून तोच लाल मागू नका. त्या मुळांत ॲलिझरीन हे लाल रंगद्रव्य मुख्य असतं, आपल्या मंजिष्ठेत परप्युरिन आणि मंजिस्टिन जास्त, ॲलिझरीन थोडंच. त्यामुळे आपला लाल पोवळ्याकडे झुकतो. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरीन प्रयोगशाळेत बनवलं, आणि तिकडची मॅडरची शेती बसली ती त्यामुळेच. महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलात हा वेल रानटी वाढतो, पण मूळ खणलं की वेल संपतो. दुकानात मिळत असताना तो उद्योग नको.

माणदेशी लोकर रंगवणाऱ्यांनी पांढरीच घ्यावी. तिला हिरडा लागत नाही. लोकरीच्या वजनाच्या 15 टक्के तुरटी पुरते. पाणी हळू तापवा, हळूच निववा, नाहीतर लोकर आटून नमदा होतो.

हिराकस 100 ग्रॅम कापडाला 1 ते 2 ग्रॅमच. छटा जांभळट-तपकिरी होते, पण प्रमाण वाढवलं की सूत कालांतराने झिजतं.

सांगलीत राहून हळदीने रंगवायचा मोह होतोच. करू नका. तुरटी घातली तरी हळद उन्हात टिकत नाही, आणि साबण लागला की लालसर होते. पिवळ्यासाठी याच दुकानातली डाळिंबाची साल घ्या, आटपाडीकडचा कुणी ओळखीचा असेल तर फुकटही मिळेल. करडईच्या पाकळ्या ताज्या आणि चांगल्या आहेत. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याच्या करडईवर केलेल्या कामामुळे पाकळ्या खुडणं सोपं झालंय. आधी गार पाण्यात पिवळा अंश पूर्ण काढून टाका, मग सोड्याच्या पाण्यात तासभर भिजवून गाळा, कापड घाला, लिंबाचा रस टाका: गुलाबी चढतो. गरम केलात तर गेला. उन्हाला हाही कच्चाच.

नीळ मागितलीत तर पांढऱ्या कपड्यांना लावायची नीळ हातात येते. पानांपासून केलेली खरी नीळ या दुकानात नाही, ती दुसरीकडून मागवावी लागेल.