पाण्यावर इंजिन चालते म्हणणाऱ्याला मी 18 हजार दिले, तुम्ही देऊ नका

मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. नाल्याकडच्या दोन एकराला लाईन नाही, म्हणून तिथलं हरभऱ्याचं ओलीत पाच एचपीच्या डिझेल इंजिनावर करतो. दर दोन दिवसाला कॅन घेऊन पेट्रोल पंपावर जा, पैसे मोजा, अन् नेमकं त्याच टाइमला बाजाराच्या दिवशी हा माणूस पिकअप घेऊन आला.

पिकअपमध्ये इंजिन, त्याच्या बाजूला काचेची बरणी, बरणीत स्टीलच्या पट्ट्या. वायर लावली की नुसते बुडबुडे. म्हणे भाऊ हा पाण्यातला हायड्रोजन आहे, डिझेल निम्म्यावर येते अन् मोठी किट घेतली तर डिझेलच लागत नाही. 2022 मध्ये गडकरी साहेब हायड्रोजनच्या कारनं संसदेत गेले होते, तो व्हिडिओ मोबाईलवर दाखवला. मग सगळ्यांसमोर टाकीचा कॉक बंद केला, डिझेलची नळी काढून हातात धरली, अन् इंजिन चालूच! सात-आठ मिनिटं तरी चाललं असेल. बाजूचे काका म्हणाले, "घे न बापू, आपल्या डोयानं पाह्यलं न." 6 हजार रोख दिले, 12 हजार यूपीआयनं. दुसऱ्या दिवशी वावरात येऊन किट बसवून दिली, बेल्टवर जुन्या गाडीचा अल्टरनेटर, त्याची वीज बरणीत, बरणीतला गॅस इंजिनाच्या हवेच्या नळीत.

आठ दिवस मनाला वाटत होतं की डिझेल कमी लागतंय. मग मोजून पाहिलं. दोन लिटर मापून टाकलं, किट चालू ठेवून इंजिन बंद पडेपर्यंत घड्याळ लावलं, दुसऱ्या दिवशी बेल्ट काढून तेवढंच डिझेल, तेच पाणी, तेवढाच पाईप. किट नसताना इंजिन नऊ मिनिटं जास्त चाललं. वरून बरणीचं झाकण पाझरून आतलं कॉस्टिक सोड्याचं पाणी पोराच्या हाताला लागलं, आठ दिवस कातडी निघत होती. त्याला फोन लावला तर नंबर बंद.

गावातल्या मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला फिल्टरच्या वाटीत डिझेल भरलेलं राहते, नळी काढली तरी लोड नसलेलं इंजिन त्याच्यावर काही मिनिटं चालते. बाजारात त्या इंजिनाला पंप जोडलेला नव्हता, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

भाचा पॉलिटेक्निकला आहे, त्यानं कागदावर हिशोब मांडून दिला तो इथं देतो कारण हाच खरा मुद्दा आहे. हायड्रोजन जळला की पाणी होते, म्हणजे पाणी ही जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. ती परत फोडायची तर जळताना जेवढी शक्ती निघाली होती तेवढी तरी द्यावीच लागते. एक लिटर पाणी फोडायला कमीत कमी 4.4 युनिट विजेएवढी शक्ती, अन् तो गॅस जाळून जास्तीत जास्त तेवढीच उष्णता परत, त्यातही इंजिनाच्या कामाला जेमतेम पाव हिस्सा येते. माझी किट 12 व्होल्टवर 10 अँपियर घ्यायची, म्हणजे 120 वॅट. तासाभराची पुरी वीज गॅसमध्ये गेली असं धरलं तरी तो गॅस 12 मिली डिझेलाएवढा, फवारणीच्या औषधाचं एखादं झाकण! अन् ती वीज बनवायला अल्टरनेटर इंजिनावर जो लोड टाकते त्याचं डिझेल पाच-सहा झाकणं.

व्हिडिओतली कार खरी आहे हो, पण तिच्यात बाहेर बनवलेला हायड्रोजन टाकीत भरतात. गाडी स्वतः पाणी फोडून त्याच्यावर चालत नाही.

हा धंदा जुना आहे. तमिळनाडूच्या रामर पिल्लईनं 1996 मध्ये जडीबुटी अन् पाण्यापासून पेट्रोल बनवतो म्हणून देशभर नाव केलं, 2016 मध्ये चेन्नईच्या कोर्टानं त्याला फसवणुकीत तीन वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकेतल्या स्टॅनले मेयरनं पाण्यावर गाडी चालवतो म्हणून पैसे घेतले, तिथल्या कोर्टानं 1996 मध्येच ती फसवणूक ठरवून 25 हजार डॉलर परत करायला लावले. माझ्या 18 हजारात सरकारी योजनेतल्या सोलर पंपाचा जो 10 टक्के हिस्सा भरावा लागते त्याची बरीच रक्कम निघाली असती, हे आठवलं की आजही जेवण जात नाही.

मी लाजेपायी महिनाभर कोणाला बोललो नाही, तीच मोठी चूक झाली. यूपीआयनं पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, उशीर केला की पैसा पुढच्या खात्यात निघून जाते. मी गेलो तोवर खातं रिकामं होतं, ठाण्यात तक्रार तेवढी लिहून घेतली.

परवा पाहुण्यांचा फोन आला, पुसदकडं असाच एक पिकअप फिरून राहिला म्हणे. तो तुमच्या गावात आला तर फिल्टर खोलून रिकामा करायला लावा, इंजिनाला पंप जोडा, अन् म्हणा आता चालव तासभर. माझी बरणी कोठ्यातच ठेवली आहे, कोणाला पाहायची असेल तर घेऊन जा अन् बाजारात चार लोकांना दाखवा.