यामाहा पॅसिफिका ०१२ : थोर गिटारिस्टांचे गुण गिरवायला पुरते का?

रॉकमधला सगळ्यांत थोर गिटारिस्ट कोण, हा वाद नागपूरच्या धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर निघाला की हमखास वेगापाशी येऊन अडतो. वेग मोजता येतो, म्हणून वादाला सोयीचा. एडी व्हॅन हेलनचा १९७८ चा पहिला अल्बम आल्यावर टॅपिंग (उजव्या हाताच्या बोटांनी तार बोर्डवर ठोकून स्वर काढणं) ज्याने त्याने उचललं. त्याच्या उजव्या हाताचा ठेका मात्र फार थोड्यांना साधला. डेव्हिड गिल्मोर चार स्वरांत काम भागवतो, पण त्याचा बेंड (तार ताणून चढवलेला स्वर) जिथे पोचायला हवा तिथेच पोचतो. एसी/डीसीच्या माल्कम यंगने सोलो भावाकडे सोपवले आणि आपल्या ग्रेच गिटारवर ब्रिजजवळचा एकच पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबक) ठेवून जन्मभर ऱ्हिदम वाजवला. जेफ बेकने पिक (तारा छेडायची चकती) टाकून दिलं. अंगठ्याने वाजवायचा आणि करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर असायची.

यातून वादाचं उत्तर बऱ्यापैकी निघतं. बेंड सुरात लागतो का, व्हायब्राटोला (स्वराच्या आंदोलनाला) स्वतःची चाल आहे का, न वाजवायच्या तारा गप्प राहतात का, आणि आवाजाचा चढउतार हातात आहे का? लय तर धरलेलीच. नागपुरात नवशिक्यांच्या हाती बऱ्याचदा पडणारी यामाहाची इलेक्ट्रिक गिटार पॅसिफिका ०१२ याच कसोटीवर पाहायला हवी. रंग आणि चकाकी राहू द्या बाजूला.

कागदावर गिटार साधी आहे. स्केल (तारेची वाजती लांबी) २५.५ इंच, २२ फ्रेट (बोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या), ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), मधे आणि नेकला (मानेकडे) एकेक सिंगल कॉइल पिकअप, पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन, आर्म नावाच्या दांडीने स्वर हलवणारा जुन्या धाटणीचा ट्रेमोलो ब्रिज. तारा ९-४२, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश आणि सर्वांत जाड बेचाळीस हजारांश जाडीची.

हिचा खरा गुण फिंगरबोर्डच्या गोलाईत आहे. तिची त्रिज्या ३५० मिमी, म्हणजे बोर्ड बराच सपाट. जुन्या फेंडरच्या ७.२५ इंची, म्हणजे साधारण १८४ मिमीच्या बोर्डवर अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली आणली की वरच्या फ्रेटवर बेंड मारताना तार बोर्डच्या उंचवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर मधेच गुदमरतो. इथे तसं सहसा होत नाही. दुकानात तपासायचं तर पहिल्या तारेच्या १५ व्या फ्रेटवरून पूर्ण एक स्वर वर जा आणि तिथे चार मात्रा थांबा. स्वर टिकला तर ठीक. मधेच मेला तर फ्रेट वरखाली आहेत किंवा अ‍ॅक्शन फार खाली आहे. मग तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट एका स्वराने ताणा आणि दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी जुळवा, दोन्ही ई. जुळताना आवाजातली थरथर मंदावत जाऊन थांबली पाहिजे. हिंदुस्थानी संगीत ऐकून वाढलेल्या कानाला मींड कुठे अपुरी राहिली हे लगेच कळतं. तोच कान इथे लावायचा, ट्यूनरकडे नंतर पाहायचं.

आता ट्रेमोलो, आणि इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो. ब्रिज हवेत तरंगता ठेवला तर एक तार ताणली की बाकीच्या किंचित उतरतात, कारण ब्रिज पुढे झुकतो. दोन तारा एकत्र वाजवून एकीलाच बेंड द्यायचा असेल तर दुसरी बेसूर होते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात कच्चा. उपाय अर्ध्या तासाचा आहे. मागचं झाकण उघडा, स्प्रिंग धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, गरज पडली तर एक-दोन स्प्रिंग वाढवा. ब्रिज बॉडीला टेकला की पुन्हा ट्यून करा. आर्मने स्वर वर ओढणं जाईल, खाली सोडणं राहील, आणि तार तुटली तरी उरलेल्या पाच सुरात राहतील. पहिली दोन वर्षं असंच ठेवावं. तिसरी तार ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज आला तर ती नटमध्ये (नेकच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीत) अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा सुटते.

व्हायब्राटोसाठी ९-४२ तारा उत्तम, जाड तारांचा हट्ट नको. ‘जाड तार म्हणजे मोठा टोन’ हे सीताबर्डीवरच्या दुकानांतही ऐकू येतं. स्टीव्ही रे वॉन १३ च्या तारा लावायचा हे खरं, पण गिटार अर्धा स्वर उतरवून. बिली गिबन्स ७ च्या तारांवर वाजवतो आणि त्याचा टोन कुणाला पातळ वाटत नाही. टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं १९६५ साली कारखान्यात तुटली. मग त्याने हलक्या तारा घेतल्या, पुढे ट्यूनिंगही खाली आणलं, आणि त्या नाइलाजातून हेवी मेटलचा आवाज घडला. तेव्हा गेज, म्हणजे तारांची जाडी, बोटांना विचारून ठरवा.

व्हॉल्यूमच्या बाबतीत गिटार कमी पडते. नॉब १० वरून ५ वर आणला की आवाजाबरोबर धारही जाते, सगळं कांबळ्याआडून आल्यासारखं वाटतं. अ‍ॅम्पला हात न लावता नॉबवरच क्लीन (स्वच्छ) आणि डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) सांभाळणं हेच हेन्ड्रिक्सपासूनच्या वादकांचं कसब, आणि ते शिकायला ही धार हवीच. सीताबर्डीत सुटे पार्ट विकणाऱ्यांकडून १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर घ्या, दोन्ही एकमेकांना समांतर जोडा आणि व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या पार्टच्या) इनपुट व आउटपुट टोकांमध्ये डाग द्या. खर्च नगण्य. डाग देताना पॉट फार तापवू नका, आतला ट्रॅक जळतो.

सिंगल कॉइलची गुणगुण हा दोष गिटारचा कमी, घराचा जास्त. गोल नॉबचा जुना डिमर पद्धतीचा फॅन रेग्युलेटर मधल्या वेगावर असेल तर नेक पिकअपमधून ‘झर्रर्र’ येणारच. पंखा पूर्ण वेगावर नेऊन पाहा, आवाज गेला तर चोर सापडला. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ते स्वाभाविक आहे. पण हाताला झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. महाल-इतवारीतल्या जुन्या वायरिंगच्या घरांत हे पहिल्याच दिवशी करावं.

दुकानातून आलेली गिटार नागपुरात तशीच चालेल, ही आशा सोडा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. नवतप्यातली कोरडी हवा लाकडातलं पाणी ओढून घेते. बोर्ड आक्रसतो, फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात, नेक सरळ होऊन पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खडखडतात. पावसाळ्यात उलट, नेक पुढे वाकते आणि अ‍ॅक्शन चढते. म्हणून सेटअप (गिटारची जुळवणी) वर्षातून दोनदा, मे आणि जुलैअखेर. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार नेक बॉडीला मिळते तिथे दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट पाहा, ०.२ ते ०.२५ मिमी हवी. फट नाहीच तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या उलट दिशेने सैल, जास्त असेल तर सुलट दिशेने घट्ट. एका वेळी पाव फेरा, मग काही तास थांबा. जोर लावावा लागत असेल तर हात आखडा आणि जाणत्याला दाखवा. त्यानंतरच १२ व्या फ्रेटवर अ‍ॅक्शन लावायची, सहाव्या तारेला २ मिमी, पहिलीला १.६. शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं): १२ व्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला न दाबता नुसतं बोट लावून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) मागे, उतरता असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

कूलरच्या झोतात गिटार भिंतीला टेकवून ठेवणं सगळ्यांत वाईट. रात्रभर ओली हवा, दुपारी कूलर बंद की भट्टी. केसमध्ये ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक टाका. ४५ ते ५५ टक्के असेल तर निर्धास्त राहा. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने खालून-वरून पुसा. गंजलेल्या तारेवर व्हायब्राटो घासत जातो आणि फ्रेटही झिजतात.

म्यूटिंगला, म्हणजे न वाजवायच्या तारा गप्प ठेवायला, गिटार मदत करत नाही आणि अडवतही नाही. ते दोन्ही हातांचं काम आहे, आणि कच्चं असेल तर जास्त गेनवर (अ‍ॅम्पने आवाज फाटवण्याच्या प्रमाणावर) लगेच उघडं पडतं. म्हणून १०-१५ वॉटच्या अ‍ॅम्पवर गेन ३-४ च्या वर नेऊ नका. जास्त गेनमध्ये जोरात आणि हळू मारलेला पिक सारखाच ऐकू येतो, मग हाताला शिकण्यासारखं काही उरत नाही.

पॅसिफिका ११२व्ही घ्यावी का? अल्डरची बॉडी, अल्निको पिकअप, टोनचा नॉब ओढला की हंबकरचा सिंगल कॉइल. पिकअप उजवे आहेत, यात वाद नाही. पण खिशात ११२व्हीपुरतेच पैसे असतील तर ०१२ घ्या आणि उरलेले बऱ्या अ‍ॅम्पमध्ये व पहिल्या सेटअपमध्ये घाला. सतत ड्रॉप सी (सहावी तार सीपर्यंत उतरवलेलं खालचं ट्यूनिंग) वाजवणाऱ्यांनी मात्र ९-४२ वर राहू नये. १०-५२ लावा, नटची सहावी खाच जाणत्याकडून रुंद करून घ्या आणि इंटोनेशन नव्याने बसवा.