आठ महिने रेकॉर्डर खिशात बाळगल्यावर

मी हौसेने चाली लावतो. सोसायटीचं भजनी मंडळ आणि वर्षाकाठी एखादं बालनाट्य, एवढाच पसारा. नोकरी मुंबईत, घर डोंबिवलीत. त्यामुळे चाल सुचते ती लोकलमध्ये नाहीतर स्टेशनवरून घरी चालत येताना. कुलूप काढून, पेटीचा भाता मोकळा करेपर्यंत ती गेलेली असते. बरं, पूर्ण गेली तर एक वेळ चालेल. मुखडा राहतो आणि ज्या एका जागेवर जीव जडला होता तेवढी नेमकी जाते.

आधी फोनवरच भागवायचो. घरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून गुणगुणलो, तर फोनने तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून पार पुसून टाकलं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन गाणं शिकलेल्यांना हा प्रकार नवा नाही. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ते सॉफ्टवेअर धरून चालतं. त्यात मध्येच कुणाचा फोन आला की संपलंच.

म्हणून हातात मावणारा साधा रेकॉर्डर घेतला. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. आवाज चोख येतो, तानपुरा शाबूत राहतो. मोनो वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 5 एमबी होते, म्हणजे 16 जीबीच्या कार्डात पन्नास तास. माझ्या आयुष्यात तेवढ्या चाली सुचणार नाहीत. एक सोय मात्र लाखमोलाची: यंत्र तयारीत ठेवलं असेल तर बटण दाबायच्या आधीचे दोन सेकंदही नोंदले जातात. उठाव, म्हणजे चालीची सुरुवात, हातातून निसटतो तो त्या दोन सेकंदांतच.

पण खरी गंमत रेकॉर्डिंग ऐकायला बसल्यावर कळली. पहिल्याच महिन्यातली एक फाइल. रस्त्यात गुणगुणलेली, गंधारावर (ग वर) थांबणारी भूप रागातली ओळ: ग प ध सां ध प. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीवर शोधायला बसलो आणि कानाने त्या गंधारालाच षड्ज, म्हणजे सा, मानलं. झालं! सा, कोमल ग, म, कोमल ध, म, कोमल ग. भूपाचा मालकंस राग! मूर्च्छनेचा हिशेब (स्वर तेच, पण सा दुसरीकडे धरला की राग बदलतो) पुस्तकात वाचलेला होता, पण तो असा स्वतःच्याच चालीवर उलटेल असं वाटलं नव्हतं. प्रसन्न भूपाळी म्हणून सुचलेलं काहीतरी मी अर्धा तास गंभीर मुद्रेने वाजवत बसलो होतो. स्वर सगळे तेच होते, फक्त सा नोंदलेला नव्हता.

तेव्हापासून नियम केला. बटण दाबलं की आधी एक लांब सा. पट्टी ओळखता आली तर तीही बोलायची, ‘काळी एक’ वगैरे. मग मांडीवर बोटं आपटत एक आवर्तन तोंडाने, धा गे ना ति न क धि न, आणि मग चाल. तालाचंही तसंच आहे ना. केरव्यात, म्हणजे त्या आठ मात्रांच्या तालात, खालीपासून (पाचव्या मात्रेपासून) उचललेला मुखडा नंतर ऐकताना समेपासून (पहिल्या मात्रेपासून) धरला, तर शब्दांची सगळी वजनं भलतीकडे पडतात. हे करताना लोकलमध्ये शेजारचा बघतो. बघू दे. (आमच्या नेहमीच्या डब्यात भजनवालेच बसतात, त्यांना काही वाटत नाही, पण त्यांच्या टाळांखाली माझ्या चार फाइली कायमच्या गेल्या.)

रविवारी बसून ऐकतो आणि वहीत उतरवतो. भातखंडे लिपीच: कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब. वही पाहिजेच, कारण सत्तर फाइली ऐकत कुणी बसत नाही. फाइलही पाहिजे, कारण मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, कमान कागदावर काढता येते, पण ती किती सावकाश हे कागद सांगत नाही. आणि हो, रविवारपर्यंत फाइल मुरली की निम्म्या ‘नव्या’ चाली जुन्या सिनेगीतांच्या निघतात. मंडळासमोर फजिती होण्यापेक्षा हे बरं.

आता तक्रारी. चालू व्हायला पाच-सहा सेकंद घेतो, म्हणजे दोन सेकंदांची ती सोय यंत्र आधीच चालू असेल तरच. तसं ठेवलं तर सेल भराभर संपतात. मी आता रिचार्जेबल वापरतो. सेल पूर्ण उतरले की तारीख पुसली जाते, मग सगळ्या फाइलींवर एकच जुनी तारीख. लॉक करायची सरकपट्टी इतकी सैल, की एकदा बॅगेत आपोआप सुरू होऊन त्याने डबा आणि चमचा यांची तीन तासांची जुगलबंदी नोंदवली. ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय, बंदच ठेवा. बोट जोरात आपटलं की त्यापुढचा आवाज दबतो आणि मग हळूहळू वर येतो.

घ्यावा का? घरातच सुचत असेल तर फोन पुरे. त्याच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय असेल तर ती तेवढी बंद करा. रस्त्यात सुचत असेल तर घ्या, आणि माइकवर घालायची स्पंजची टोपी त्याच दिवशी घ्या. मी ती दोन महिन्यांनी घेतली. पावसाळ्यातल्या माझ्या सगळ्या फाइलींत नुसता वारा आहे.