डांबरी थराची डेन्सिटी: कोअर, न्यूक्लिअर गेज की नॉन-न्यूक्लिअर गेज?

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१३च्या स्पेसिफिकेशननुसार डांबरी थराची डेन्सिटी मालाच्या कमाल सैद्धांतिक घनतेच्या (म्हणजे आत हवेची एकही पोकळी नसती तर भरली असती त्या घनतेच्या) निदान ९२ टक्के भरावी लागते. म्हणजे पोकळी ८ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ती वाढली की पोकळ्या एकमेकींना मिळतात, पाणी आत झिरपतं आणि खडी सुटायला लागते. हे मोजायचे तीन मार्ग आहेत. नवीन उपकरण घ्यायच्या विचारात असाल तर आधी कोअरचं, म्हणजे थरातून कापून काढलेल्या गोल नमुन्याचं बघा, कारण बाकीचे दोन्ही शेवटी त्याच्यावरच टेकतात.

थर थंड झाला की १०० किंवा १५० मिमी व्यासाचा कोअर काढायचा, खालचा थर कापून वेगळा करायचा आणि लॅबमध्ये तीन वजनं घ्यायची: कोरडं, पाण्यातलं आणि ओल्या फडक्याने पृष्ठभाग टिपल्यावरचं. चूक बहुतेक वेळा तिसऱ्या वजनात होते. कोअर पोकळ असेल तर पाण्याबाहेर काढताच आतलं पाणी गळून जातं, आकारमान कमी भरतं आणि डेन्सिटी आहे त्याहून जास्त दिसते. पाणी शोषण २ टक्क्यांच्या वर गेलं, तर पॅराफिन लावून किंवा निर्वात पिशवीत बंद करूनच मोजा. एवढं सांभाळलं तर कोअरइतका भरवशाचा आकडा नाही. पण तो हातात येईपर्यंत रोलर निघून गेलेला असतो. व्हीजी-३० या ग्रेडच्या डांबराचा माल ९० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की रोलिंगचा उपयोग नाही. उद्याच्या रिपोर्टने आजचा थर सुधारत नाही.

म्हणून गेज, म्हणजे थरावर ठेवून जागेवरच डेन्सिटी दाखवणारं उपकरण लागतं.

न्यूक्लिअर गेजमध्ये सीझियम-१३७ असतं. गॅमा किरण थरात जातात, परतणारे मोजले जातात आणि साधारण मिनिटभरात आकडा मिळतो. माती आणि जीएसबीलाही (डांबराखालच्या खडी-मुरमाच्या थरालाही) तोच चालतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र ४० मिमीच्या बीसीवर (सगळ्यात वरच्या डांबरी थरावर) साधा गेज खालच्या डीबीएमचीही (त्याखालच्या डांबरी थराचीही) डेन्सिटी त्यात मिसळतो. पातळ थरासाठी वेगळं मॉडेल घ्यावं लागतं. शिवाय अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, प्रशिक्षित माणूस, कुलूपबंद साठवण, वाहतुकीचे नियम आणि शेवटी स्रोताची विल्हेवाट हे सगळं आलं. मोठ्या हायवे पॅकेजला हे झेपतं. तालुक्याच्या कामांवर फिरणाऱ्या ठेकेदाराने या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नॉन-न्यूक्लिअर गेज थराचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोजतो, म्हणजे विद्युत क्षेत्राला थर किती प्रतिसाद देतो ते. हवेचा १, कोरड्या डांबरी मालाचा साधारण ४ ते ७. दाब बसून हवा कमी झाली की आकडा चढतो. काही सेकंदांत रीडिंग मिळतं आणि किरणोत्सारी परवाना लागत नाही. अडचण पाण्याची आहे, कारण पाण्याचा स्थिरांक ८०च्या आसपास आहे. माल चिकटू नये म्हणून रोलरच्या ड्रमवर पाणी सोडतात. त्याच ओल्या पट्ट्यावर गेज ठेवला, तर दाब बसलेला नसतानाही डेन्सिटी छान दिसते. जागा कोरड्या फडक्याने पुसा, आणि रिमझिम सुरू असेल तर रीडिंग घेऊच नका.

दोन्ही गेजना कोअरशी जुळवणी लागते: काही जागी रीडिंग घ्या, तिथेच कोअर काढा आणि सरासरी फरक गेजला द्या. खाण किंवा मिक्स डिझाइन बदललं की पुन्हा. या जुळवणीशिवाय गेजच्या आकड्यावर बिल मागणं किंवा थर नाकारणं, दोन्ही चुकीचं.

बहुतेक डांबरी कामांसाठी मी नॉन-न्यूक्लिअर गेज आणि स्वतःचा चांगला कोअर कटर हीच जोडी सुचवेन. गेजचा खरा फायदा ट्रायल पट्ट्यावर, म्हणजे कामाआधी चाचणीसाठी टाकलेल्या पट्ट्यावर कळतो. रोलरच्या प्रत्येक पासनंतर (फेरीनंतर) त्याच खुणेवर रीडिंग घ्या. आकडा वाढायचा थांबला की तेवढेच पास रोलरवाल्याला ठरवून द्या. पुढे दाबत राहिलात तर खडी फुटते. मग दोन पट्ट्यांच्या जॉइंटलगत गेज फिरवा. डेन्सिटी सगळ्यात कमी तिथेच सापडते, आणि पुढे रस्ता उखडायला सुरुवातही बहुधा तिथूनच होते.